जेम्स रेडहाउस

सर जेम्स विल्यम रेडहाउस (३० डिसेंबर, १८११ - जानेवारी, १८९२) हे उस्मानी तुर्की भाषेचे इंग्लिश कोशकार, व्याकरणकार, दुभाषी व अनुवादक होते. त्यांचा १८९० साली प्रसिद्ध झालेला तुर्की-इंग्लिश कोश आजही उस्मानी काळातील कागदपत्रे वाचणाऱ्या अभ्यासकांच्या टेबलावर असतो. तुर्कस्तानात त्यांचे आडनाव व्यक्तीपेक्षा ग्रंथाचे नाव म्हणूनच अधिक परिचित आहे. कोशाच्या कीर्तीमागे त्यांची व्याकरणे काहीशी झाकली गेली. तथापि परक्या माणसाला तुर्की कशी शिकवावी या प्रश्नाचा त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे पाठपुरावा केला, आणि त्यांच्या कार्याचे मूळ तिथेच आहे.

पूर्वायुष्य

रेडहाउस यांचा जन्म लंडनजवळ झाला. १८१९ ते १८२६ या काळात ते लंडनमधील क्रायस्ट्स हॉस्पिटल या शाळेत होते. नावात हॉस्पिटल असले तरी ही गरीब व अनाथ मुलांसाठी चालवली जाणारी धर्मादाय शाळा होती. तेथील गणित विभागात मुलांना नौकानयनासाठी तयार केले जाई. विद्यापीठाचे शिक्षण रेडहाउस यांना मिळाले नाही. पंधरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, १८२६ मध्ये, भूमध्य समुद्रातून प्रवास करीत ते इस्तंबूलला पोहोचले.

ते वर्ष उस्मानी साम्राज्याच्या इतिहासात मोलाचे होते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी हे शतकानुशतके जुने लष्करी दल मोडून काढले आणि युरोपीय धर्तीवर सैन्य व कारभार उभारण्यास आरंभ केला. याच्या पाच वर्षे आधी, १८२१ मध्ये, ग्रीकांचा उठाव झाला होता. तोपर्यंत दरबाराचे परराष्ट्र व्यवहारातील दुभाषी इस्तंबूलच्या काही ग्रीक घराण्यांतून येत असत. उठावानंतर त्यांच्यावरचा विश्वास उडाला आणि सरकारला स्वतःचे भाषांतर कार्यालय स्थापन करावे लागले. युरोपीय भाषा जाणणाऱ्या व विश्वासू अशा माणसाची चणचण होती. रेडहाउस यांना सरकारी नोकरीत आराखडे काढण्याचे काम मिळाले आणि ते काम करता करता त्यांनी तुर्की आत्मसात केली. आधी कान तयार झाला आणि नंतर पोथी आली. पुढील काळात त्यांच्या व्याकरणांत उच्चारांना जे महत्त्व मिळाले, त्याचे कारण बहुधा या क्रमात असावे.

१८३० मध्ये ते रशियाला जाऊन आले. १८३४ मध्ये स्वतः तयार केलेला कोश छापण्याच्या हेतूने ते लंडनला परतले. परंतु त्याच सुमारास पॅरिसमध्ये कीफर व बियांकी यांचा तुर्की-फ्रेंच कोश प्रकाशनाच्या मार्गावर होता. रेडहाउस यांचा कोश मागे पडला. छापील कोशासाठी त्यांना आणखी बरीच वर्षे थांबावे लागले.

उस्मानी सरकारची सेवा

१८३८ मध्ये रेडहाउस पुन्हा इस्तंबूलला आले आणि वझीर-ए-आझम, म्हणजे प्रधानमंत्री, व परराष्ट्रमंत्री यांचे दुभाषी झाले. १८४० मध्ये त्यांची बदली नौदल खात्यात झाली. ब्रिटिश वकिलात आणि उस्मानी दरबार यांच्यातील गोपनीय निरोप अनेकदा त्यांच्यामार्फत जात. जन्माने इंग्लिश आणि नोकरीने उस्मानी अशा माणसावर दोन्ही बाजूंनी विसंबून राहावे ही गोष्ट त्या काळातही नित्याची नव्हती. १८४१ मध्ये सुलतानाने त्यांना निशान-ए-इफ्तिखार हा सन्मान दिला.

त्यांच्या दुभाषीपणाची खरी कसोटी पूर्व अनातोलियातील एर्झुरुम या थंड, उंचावरील शहरात लागली. उस्मानी व इराणी साम्राज्यांतील सीमेचा वाद मिटवण्यासाठी १८४३ पासून तेथे चार पक्षांचे आयोग बसले होते: दोन वादी आणि ब्रिटन व रशिया हे दोन मध्यस्थ. ब्रिटिश आयुक्त विल्यम फेनविक विल्यम्स यांच्याबरोबर रेडहाउस होते. इराणचे प्रतिनिधी मिर्झा तकी खान हे होते. पुढे अमीर कबीर या नावाने इराणचे सुधारणावादी पंतप्रधान म्हणून ते प्रसिद्ध झाले. वाटाघाटी चार वर्षे चालल्या. एखादे गाव, एखादे कुरण, एखाद्या नदीचा काठ कोणाचा, हे कागदावरील शब्दांवर ठरणार होते, आणि ते शब्द तुर्की, फारसी व फ्रेंच या भाषांतून ये-जा करीत होते. ३१ मे, १८४७ रोजी तह झाला. शत्त-अल-अरब नदीच्या भागाविषयी त्यातील शब्दयोजना इतकी मोघम राहिली की मध्यस्थांना पुढे एका पक्षासाठी वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागले आणि त्याविषयीची भांडणे विसाव्या शतकातही चालू राहिली.

या वाटाघाटी चालू असतानाच त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक पॅरिसमध्ये छापले गेले.

१८४६ चे फ्रेंच व्याकरण

ग्रामेअर रेझोने द ला लांग ओटोमान, म्हणजे उस्मानी भाषेचे सकारण व्याकरण, हे पुस्तक रेडहाउस यांनी फ्रेंचमध्ये लिहिले. त्या काळी राजनैतिक व्यवहाराची भाषा तीच होती. तुर्कीची युरोपीय व्याकरणे यापूर्वी नव्हती असे नाही. मेनिन्स्की यांचे लॅटिन व्याकरण १६८० चे होते. १७३० मध्ये इब्राहिम मुतेफेर्रिका यांच्या इस्तंबूलच्या छापखान्यात होल्डरमान यांचे फ्रेंच व्याकरण छापले गेले होते. १८३२ मध्ये आर्थर लमली डेव्हिड्स या तरुणाने इंग्लिशमध्ये एक व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी तो वारला. खुद्द तुर्कांनी लिहिलेले पहिले छापील व्याकरण, अहमद जेवदेत व फुआद यांचे कवाइद-ए-उस्मानिये, १८५१ मध्ये आले, म्हणजे रेडहाउस यांच्या पुस्तकानंतर पाच वर्षांनी.

या व्याकरणकारांपुढची अडचण समजण्यासाठी उस्मानी तुर्कीचे स्वरूप पाहिले पाहिजे. भाषेचा सांगाडा तुर्की, शब्दसंपत्तीचा मोठा भाग अरबी व फारसी आणि लिपी अरबी, अशी तिची घडण होती. एकाच वाक्यात अरबी अनेकवचन, फारसी इजाफत आणि तुर्की क्रियापद नांदत असे. शिकणाऱ्याला तीन भाषांची व्याकरणे एका वेळी हाताळावी लागत. मराठी वाचकाला ही स्थिती अगदीच परकी वाटू नये. मराठीत अमीर या शब्दाशेजारी उमराव येतो. तो मूळ अरबीत अमीर याच शब्दाच्या अनेकवचनातून आला आहे. खबर आणि अखबार यांचे नातेही तसेच. फरक एवढाच की मराठीत अशी रूपे सुटे शब्द म्हणून स्थिरावली, तर उस्मानी लेखनात ती चालू व्याकरणाचा भाग होती.

रेडहाउस यांच्या पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्यात उस्मानी गद्याचा एक उतारा घेऊन त्यातील शब्द कोणकोणत्या नियमांनी बांधले गेले आहेत याची फोड करून दाखवली आहे. नियम पाठ झाले तरी समोरचे पान वाचता येत नाही, या प्रत्येक शिकाऊ माणसाच्या अडचणीवर काढलेला हा उपाय होता. प्रस्तुत पुस्तकातील सर्वांत उपयुक्त भाग म्हणून याच परिशिष्टाकडे बोट दाखवावे लागेल.

तुर्की व्याकरणाचा गाभा

अरबी-फारसी पोशाख बाजूला केला की तुर्कीची रचना कमालीची नियमित दिसते. मूळ शब्द न बदलता त्यापुढे एकामागून एक प्रत्यय जोडले जातात आणि प्रत्येक प्रत्ययाला एक निश्चित अर्थ असतो. एव म्हणजे घर, एवलेर म्हणजे घरे, एवलेरिमिझ म्हणजे आमची घरे, एवलेरिमिझदे म्हणजे आमच्या घरांत, एवलेरिमिझदेन म्हणजे आमच्या घरांतून. मराठीतही प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात, परंतु त्याआधी घोडा या शब्दाचे घोड्या असे सामान्यरूप करावे लागते. तुर्कीला सामान्यरूप ठाऊक नाही. लिंगभेदही नाही: तो, ती व ते या तिन्हींसाठी ओ हे एकच सर्वनाम आहे. क्रियापद मात्र मराठीप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते.

क्रियापदांची वाढ हा या भाषेचा सर्वांत समृद्ध प्रदेश आहे. बिलमेक म्हणजे जाणणे. त्यात प्रयोजक प्रत्यय घातला की बिलदिरमेक, कळवणे. त्यावर कर्मणी प्रत्यय चढवला की बिलदिरिलमेक, कळवले जाणे. नकाराचा प्रत्ययही शब्दाच्या आतच बसतो: बिलदिरिलमेमेक, कळवले न जाणे. इंग्लिश वा फ्रेंच भाषकाला चार-पाच शब्द लागतात तेथे तुर्कीला एक पुरतो. कळणे व कळवणे ही जोडी जिभेवर असलेल्या मराठी माणसाला हा खेळ लवकर उमगतो.

भूतकाळाची दोन रूपेही अशीच लक्षणीय आहेत. गेलदी म्हणजे आला, बोलणाऱ्याला स्वतःला ठाऊक असलेली घटना. गेलमिश म्हणजे आला म्हणे. घटना ऐकीव आहे किंवा खुणांवरून ताडलेली आहे. युरोपीय व्याकरणकारांना हा भेद समजावण्यासाठी पुष्कळ शाई खर्च करावी लागते. मराठीतील म्हणे हा छोटा शब्द ते काम बऱ्याच अंशी करतो. (गेल या धातूने मात्र मराठी वाचकाची फसगत होते. त्याचा अर्थ जाणे असा नसून येणे असा आहे.)

या सर्वांवर स्वरसंवादाचे राज्य चालते. शब्दात पुढच्या बाजूने उच्चारले जाणारे स्वर असतील तर प्रत्ययातही तसेच स्वर येतात, मागचे असतील तर मागचे. म्हणून एव याचे अनेकवचन एवलेर होते, परंतु आत म्हणजे घोडा, याचे आतलार. याच नियमाची एक गोठलेली खूण मराठीत सापडते. मशालची, खजानची, अफीमची या शब्दांतील ची हा प्रत्यय मूळचा तुर्की असून तो फारसीमार्फत आपल्याकडे आला. तुर्कीत आजही तो स्वरानुसार बदलतो: काम या अर्थाच्या इश शब्दापासून कामगार या अर्थी इशची होतो, तर तोफेसाठीच्या तोप शब्दापासून गोलंदाज या अर्थी तोपचू. मराठीत तो एकाच रूपात स्थिर झाला.

तुर्कीत आठ स्वर आहेत, आणि अरबी लिपीत स्वरांसाठी वापरता येणारी अक्षरे मोजकीच. लिहिताना ओन म्हणजे दहा, उन म्हणजे पीठ, आणि कीर्ती या अर्थाचा तिसरा शब्द, ज्याचा स्वर ओठ उ प्रमाणे व जीभ ई प्रमाणे ठेवून उच्चारला जातो, हे तिन्ही एकसारखेच दिसतात. वाचणाऱ्याला भाषा आधीच येत असेल तर संदर्भाने उलगडा होतो. शिकणाऱ्याला तर भाषाच यायची असते. या गाठीमुळे रेडहाउस यांच्या १८८४ च्या इंग्लिश व्याकरणात अक्षरे व उच्चार यांवरील प्रकरण फार लांबले आहे. ट्रूब्नर यांच्या सुलभ व्याकरणांच्या मालेत हे पुस्तक निघाले आणि त्याच्या नावातही सुलभ हे विशेषण आहे. प्रत्यक्षात ते नवशिक्याला दमवणारे आहे. उच्चार रोमन अक्षरांत नेमके दाखवण्याचा त्यांचा आग्रह मात्र काळाच्या पुढचा ठरला.

लंडनमधील काळ

१८५१ मध्ये इस्तंबूलमध्ये एन्जुमेन-ए-दानिश ही विद्वत्सभा स्थापन झाली, तेव्हा रेडहाउस यांना हामर-पुर्गश्टाल व बियांकी यांच्यासह परदेशी सदस्य म्हणून घेण्यात आले. ज्यांच्या कोशामुळे १८३४ मध्ये त्यांचा कोश अडला, त्या बियांकींच्याच पंक्तीला ते आता बसले. उस्मानी भाषेत वापरल्या जाणाऱ्या अरबी व फारसी शब्दांचा त्यांचा कोश याच सुमारास इस्तंबूलमध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृती बिघडल्याने १८५३ मध्ये ते लंडनला परतले आणि पुढील वर्षी ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे पौर्वात्य भाषांचे अनुवादक झाले.

तोवर क्रिमियाचे युद्ध सुरू झाले होते. तुर्कांच्या खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना भाषेचा गंधही नव्हता. त्यांच्यासाठी रेडहाउस यांनी १८५५ मध्ये बोलचालीच्या तुर्कीचे एक छोटे हातपुस्तक काढले. त्यात तुर्की रोमन लिपीत दिली आहे. छावणीत अरबी अक्षरे गिरवायला सवड कोणाला होती? पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

१८६० च्या दशकात काही वर्षे ते रॉयल एशियाटिक सोसायटीचे सचिव होते. इराणचा शहा नासिरुद्दीन याने १८७३ मध्ये केलेल्या युरोपच्या दौऱ्याची रोजनिशी त्यांनी इंग्लिशमध्ये आणली (१८७४). रूमी यांच्या मसनवीच्या पहिल्या दफ्तराचा पद्यानुवाद १८८१ मध्ये आला. तुर्की काव्याचा इतिहास व प्रकार यांवरही त्यांनी एक निबंध लिहिला. तुर्कांना स्वतःचे काव्य नाही, या युरोपातील समजाला त्यात उत्तर आहे.

राजकीय लेखनात त्यांची बाजू उघड होती. १८७६ मधील बल्गेरियातील हत्याकांडामुळे ब्रिटनमध्ये तुर्कांविरुद्ध संतापाची लाट उसळली असताना, १८७७ मध्ये त्यांनी उस्मानी सुलतानाच्या खलिफा या पदवीचे समर्थन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. भारतातील मुसलमान सुलतानाला खलिफा मानतात किंवा नाही हा त्या वेळी ब्रिटिश सरकारच्या चिंतेचा विषय होता, त्यामुळे या विद्वत्तापूर्ण वादाला व्यावहारिक धार होती. ज्या राज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयीची निष्ठा या लेखनात दिसते, आणि त्या राज्याच्या प्रजेतील पीडितांविषयीचे मौनही.

केंब्रिज विद्यापीठाने १८८४ मध्ये त्यांना डॉक्टर ही मानद पदवी दिली आणि १८८८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

१८९० चा कोश

इस्तंबूलमधील अमेरिकन मिशनऱ्यांना बायबलचे भाषांतर, शाळा व छपाई यांसाठी चांगल्या कोशाची निकड होती. त्यांच्यासाठी रेडहाउस यांनी प्रथम इंग्लिश-तुर्की कोश केला (१८६१) आणि वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना तुर्की-इंग्लिश कोश पूर्णत्वास नेला. कोशकार लंडनमध्ये आणि छपाई इस्तंबूलमध्ये, बोयाजियान यांच्या छापखान्यात, अशी त्याची कथा आहे. ग्रंथाची पाने २,२०० हून अधिक भरली. शब्द अरबी लिपीत, त्यापुढे उच्चार रोमन अक्षरांत आणि मग अर्थ, अशी त्याची मांडणी आहे. व्याकरणात ज्या गाठीशी ते झगडले होते, ती त्यांनी येथे प्रत्येक शब्दापुरती सोडवून दिली.

कोशाला मर्यादा आहेत. खेड्यापाड्यांतील बोलींकडे त्याचे लक्ष कमी आहे आणि दरबारी, ग्रांथिक शब्दांकडे ओढा जास्त. मात्र ज्या कागदपत्रांसाठी तो आज उघडला जातो, ती दरबारीच आहेत.

याहूनही मोठा, अरबी, फारसी व तुर्की या तिन्ही भाषा कवेत घेणारा एक कोश रचण्याचा त्यांचा संकल्प होता. तो पुरा झाला नाही. त्याचे हस्तलिखित त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिले. जानेवारी १८९२ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. येमेनच्या रसूली घराण्याचा अल-खझरजी याने लिहिलेला इतिहास त्यांनी अनुवादित केला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर गिब स्मारक मालेत १९०६ पासून छापला गेला.

पश्चात

१ नोव्हेंबर, १९२८ रोजी तुर्की प्रजासत्ताकाने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारण्याचा कायदा केला. आठही स्वरांना स्वतंत्र अक्षरे मिळाली आणि व्याकरणाच्या नवशिक्याचे मोठे ओझे उतरले. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भाषा संस्थेने अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की शब्द आणण्याची मोहीम हाती घेतली. एका पिढीत रेडहाउस यांचा कोश सामान्य तुर्क वाचकाला वाचता येईनासा झाला. आजोबांची पत्रे, जमिनीचे दस्त, कबरींवरील लेख नातवंडांना परके झाले. ते वाचू पाहणाऱ्यांना याच कोशाकडे यावे लागले. शिकणाऱ्या परक्या माणसासाठी रचलेला ग्रंथ अशा रीतीने तुर्कांच्याच उपयोगी पडू लागला.

अमेरिकन मिशनच्या इस्तंबूलमधील प्रकाशनसंस्थेने पुढे रेडहाउस हेच नाव धारण केले. तिने १९५० मध्ये सुधारित इंग्लिश-तुर्की कोश आणि १९६८ मध्ये नवा तुर्की-इंग्लिश कोश काढला. १९६८ च्या या कोशात शब्द लॅटिन वर्णक्रमाने लावले आहेत आणि जुन्या शब्दांसोबत त्यांचे अरबी लिपीतील रूपही छापले आहे.